समुद्रासमोरचा मांगर

पाणी मागून आलं.

समुद्र समोर होता आणि आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो. भीती धरायची तर त्याचीच, असं आम्हाला वाटत होतं. तो लांब होता, आपल्या जागी होता. माझ्या पाठीमागे तीन दगडांची चूल होती आणि चुलीवर गुळाचा भात शिजत होता. लाकूड आत सारायला मी वळले, तर चुलीच्या पलीकडे, जिथून आम्ही पाय न भिजवता चालत आलो होतो, तिथं पाणी वाहत होतं. आमच्या शिवारातला ओढा फुगतो एवढं रुंद. आमच्या आणि गावाच्या मधोमध.

"अक्का, हे कुठून आलं?"

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. पाथरी तालुक्यात गोदावरीच्या काठी दिलेली, सगळा जन्म नदीच्या वाळूत गेलेली बाई. तिनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"आभाळ तर कोरडं हाय," ती म्हणाली. "पानी येईल कुठून?"

पण ते येत होतं. आमचे मालक घाईनं उठले आणि लगेच खोकायला लागले. त्यांना दमा. घाई केली की श्वास अडकतो, ओठ काळेनिळे होतात. त्यांना हातानं खाली बसवून मी पाण्यात पाय घातला. पोटरीपर्यंत आलं. दुसऱ्या पावलाला मांडी भिजली. तिसरं पाऊल ठेवायला खाली जमीनच नव्हती.

"मागं ये, सरू! मागं ये म्हन्ते ना!" अक्का ओरडली.

मी मागं आले. मघाशी जी वाळू खळ्याएवढी होती ती आता चार बाजा मांडता येतील एवढी उरली होती. चुलीतलं एक लाकूड चर्र करून विझलं. मालकांच्या छातीतून शिट्टी वाजत होती. मला पोहता येत नव्हतं. त्यांना येत होतं, पण त्यासाठी दम लागतो, आणि तोच तर नव्हता. त्याच्यासाठीच आम्ही एवढ्या लांब आलो होतो.

आम्ही तिथं कसे गेलो ते आधी सांगते.

आमचं गाव मानवतजवळ. थोडी जमीन आहे, आणि हंगामात मालक मानवतला जिनिंगमध्ये कामाला जायचे. ज्यांनी जिनिंग आतून पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे, तिथं हवेत रुई उडते. केसात, भुवयांवर, नाकात. वर्षानुवर्षं ती त्यांच्या छातीत जाऊन बसली. शेवटी शेवटी ते रात्री आडवे होऊ शकत नव्हते, भिंतीला पाठ लावून बसून झोपायचे. परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हवापालट करा. समुद्रकाठी महिनाभर राहा. नाहीतर पुढचा हंगाम यांना जड जाईल." दुकानातून हळद आणा, असं सांगावं तसं सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई. समुद्र मी शाळेच्या नकाशात पाहिला होता, निळा रंग दिलेला. आमच्या भावकीत कुणी त्याच्या जवळपास गेलेलं नव्हतं.

आमच्या शाळेतल्या एका मास्तरांची बायको दापोलीकडची होती. तिनं सांगितलं, "तिकडे समुद्राकाठी लोक घरातल्या खोल्या देतात. आधी ठरवून जाता येत नाही. जायचं आणि दारोदार विचारायचं." त्या वर्षात विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता. मधेच रस्ते बंद व्हायचे, एसटी जागेवर उभी राहायची. दोनदा गाठोडी बांधली आणि दोनदा सोडली. तिसऱ्या खेपेला माघ लागता लागता निघालो.

अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. "माझा एकुलता भाऊ हाय. तू त्याला घेऊन पान्याकडं चाललीस आन् तुला पान्यातलं काय कळतं? विहीर सोडून तू काय बगितलं?" एवढं बोलून तिनं आपली तांब्याची घागर आमच्या सामानात ठेवली. मी म्हटलं, घागर कशाला? म्हणाली, परमुलखात पाणी काय ओंजळीत भरायचं? मी ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि एक गाठोडं सरकी काढलेला कापूस घेतला होता. रिकाम्या हातांना वाती वळायला बरा पडतो. मालकांना त्या गाठोड्यापासून दोन बाकं लांब बसवलं.

परभणीहून पुण्याच्या गाडीत कंडक्टर घागरीला ठेच लागून पडता पडता वाचला. "आजी, हिचं अर्धं तिकीट काढावं लागंल."

"काढ की," अक्का म्हणाली. "मग तिला शिटावर बसव आन् तू उबा ऱ्हा."

सगळी गाडी हसली. मालकही हसले आणि खोकले. तेव्हा ते हसले की मी आधी खोकल्याची वाट बघायची.

पुण्याहून दुसरी गाडी. वरंधा घाट लागला तशी अक्का खिडकीबाहेर डोकं काढून ओकायला लागली. माझी तिच्याकडे बघायची इच्छा नव्हती, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं बाहेर पाहिलं. एवढी झाडं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे माघात शिवार पिवळं पडतं, रानात सावली शोधावी लागते. इथं दरीच्या तळापर्यंत हिरवं. माती आपल्यासारखी काळी नाही, तांबडी, विटेच्या भुग्यासारखी. घरंही त्याच तांबड्या दगडाची. त्याला ते चिरा म्हणतात.

दापोलीहून तिसरी गाडी, खाली उतरणारी. एका वळणावर मला वाटलं, आभाळ आज फारच खाली आलंय. झाडांच्या शेंड्यांखाली आलंय. मी मालकांना म्हटलं, "अहो, हे आभाळ बघा." त्यांनी पाहिलं.  मग म्हणाले, "अगं, ते आभाळ नाही."

मी काही देवभोळी बाई नाही. पंढरी, तुळजापूर सगळं पाहिलंय आणि पाय दुखले तर पाय दुखले असंच म्हटलंय. पण त्या दिवशी गाडीतून उतरून वाळूवर गेलो आणि मी पायातल्या चपला काढून ठेवल्या. आपल्या गोदावरीला दोन्ही थड्या भरून पूर आला की लोक म्हणतात, समुद्र झाला. ते खोटं आहे. पुराला पलीकडचा काठ असतो. तिथं झाडं दिसतात, माणसं दिसतात, आपण हाक मारतो. इथं पलीकडे काहीच नव्हतं. नजर जाऊन टेकायला जागा नव्हती. आणि ते नुसतं पडून राहिलेलं पाणी नव्हतं. उठायचं, चालत यायचं, पायाशी येऊन मोडायचं, परत जायचं. हे कुणाच्या सांगण्यावरून, आणि कधीपासून? अक्कानं वाकून ओंजळ भरली, तोंडात घातली आणि थुंकली.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन् चूळ भराय बी कामाचं न्हाई." पण तिचा आवाज बारीक झाला होता. पदर डोक्यावर ओढून तिनं हात जोडले.

मग खोली शोधायला लागलो. ज्यांना हवापालटाला जायचं असेल त्यांनी हे नीट वाचावं.

वाळूला लागून एक लॉज होतं, निळा रंग दिलेलं. गच्चीत खुर्च्या मांडलेल्या. तिथल्या माणसानं एका दिवसाचा जो भाव सांगितला तो ऐकून अक्का म्हणाली, "समुद्र धरून का?" तो म्हणाला, "समुद्र फुकट आहे, आजी." अक्का म्हणाली, "मग आमी त्याच्यातच ऱ्हातो." आम्ही निघालो.

दुसरं घर एका भल्या गृहस्थांचं. सारवलेलं अंगण, सुपारीची बाग, विहिरीला रहाट, आणि ओसरीवरून समुद्र दिसायचा. भाडंही आमच्या आवाक्यातलं होतं. त्यांच्या बायकोनं गूळपाणी आणून दिलं. सगळं ठरत आलं आणि मालकांना ढास लागली. गृहस्थ उठून उभे राहिले.

"यांना क्षय आहे का?"

"दमा आहे," मी म्हटलं. "कापसाचा."

"कापसाचा दमा आम्ही कधी ऐकला नाही. घरात नातवंडं आहेत हो आमची."

राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मीही नसतं ठेवलं. पण पुढच्या दोन घरांत हेच झालं. माणसाला बघतात तोवर खोली असते, खोकला ऐकला की खोली नसते. अक्का त्यांना रस्त्यात रागावली, "ग्यानबा, घटकाभर दाबून धरता येत न्हाई का? किल्ली हातात पडंपर्यंत?"

"अक्का, तूच खोकून बघ आणि दाबून धर," मालक म्हणाले आणि एका कुंपणाशी खाली बसले. त्यांना पुढं चालवत नव्हतं. ऊन उतरायला लागलं होतं. मला पहिल्यांदा वाटलं की आपण या माणसाला मारायलाच इथं आणलं की काय.

त्या कुंपणाच्या आतून एक बाई बघत होती. डोक्यावर माडाच्या (नारळाच्या झाडाला ते माड म्हणतात) झावळ्यांचा भारा. तिनं भारा टाकला.

"कुठनं आलाव?"

"परभणीहून."

"ते कुठं ऱ्हायलं?"

"लांब. जिथं पाणी नाही तिथं," मी म्हटलं.

तिचं नाव शेवंती. नवरा मुंबईला गिरणीत, घरी ती आणि म्हातारा सासरा. सगळे त्याला बाबा म्हणत. मी या वेळी सरळ सांगून टाकलं: माणूस खोकतो, दमा आहे, क्षय नाही, खोली हवी, पैसे बेताचे आहेत. तिनं मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "माज्या घरवाल्याचा पन असाच खोकला. गिरनीतला. कापसाचा."

समुद्रकाठच्या त्या एकाच दारात कापसाचा दमा ठाऊक होता.

घरात जागा नव्हती. पण वाडीच्या (घरामागच्या बागेच्या) टोकाला एक मांगर होता. मांगर म्हणजे आपल्याकडे शेतातल्या आखाड्यावर असतो तसा कोठा. चिऱ्याच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, आत जाळी आणि सोललेले नारळ ठेवायचे. पावसाळ्यात वाऱ्यानं छप्पर जातं म्हणून तो कुणी भाड्यानं घेत नाही. शेवंतीनं दार ढकललं. दारासमोर थेट समुद्र. मधे एक कुंपण आणि वाळू, बस. लॉजवाल्याच्या गच्चीतून दिसत होता त्यापेक्षा जवळ.

भाडं तिनं इतकं कमी सांगितलं की मलाच लाज वाटली. मी कापसाचं गाठोडं पुढं केलं. तिनं ते उघडलं आणि दोन्ही हात आत घातले. त्यांच्याकडे कापूस पिकत नाही. "अग्गो बाय! एवढा?" तिला उशा हव्या होत्या आणि वर्षभराच्या वाती. मी म्हटलं, मी करून देते, पण तुझ्या घरात बसून. हे गाठोडं मालकांच्या वाऱ्याला नको. असं ठरलं.

पहिल्या रात्री मालक भिंतीला पाठ लावून बसले, सवयीनं. पहाटे मी पाहिलं तर ते आडवे झाले होते. मी नाकापुढे बोट धरून बघितलं. श्वास चालू होता आणि छाती वाजत नव्हती. मग मी बाहेर जाऊन बसले.

पहिले काही दिवस असेच गेले. शेवंती पेज द्यायची, म्हणजे पातळ मऊ भात, सोबत आमसुलाचं लाल सार. चव चांगली, पण आपल्या पोटाला भात म्हणजे चिमणीचा घास. मी ज्वारीची भाकरी थापली तर बाबा बघायला आला. त्यानं एक तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "ताकद लागते."

मालक वाळूवर चालायला लागले. आधी कुंपणापर्यंत, मग ओल्या वाळूपर्यंत. अक्का समुद्राची परीक्षा घेत होती. तिनं वाळूत काठ्या रोवल्या होत्या. समुद्र कुठवर येतो, कुठवर मागं जातो, हे ती बघून ठेवायची. भरती आणि ओहोटी हे शब्द शेवंतीनं आम्हाला शिकवले होते आणि सांगितलं होतं, भरतीला पुढं जाऊ नका. आम्ही जात नव्हतो. अडाणी असलो तरी मूर्ख नव्हतो.

चूक झाली ती दुसऱ्याच ठिकाणी.

गावाच्या बाजूनं एक खाडी समुद्राला मिळत होती. आम्हाला ती नदी वाटली. नदीच होती, वरून येणारी. सकाळी बघावं तर तिच्यात पाणी नावाला, आणि तोंडाशी मोठा वाळूचा उंचवटा उघडा पडलेला. अक्काला तो बघून घर आठवलं. आपल्याकडे होळीच्या आधीच गोदावरी आटते. अक्काच्या गावचे लोक नदीच्या पात्रात टरबुजांचे वाफे लावतात, तिथंच झोपडी घालून राहतात, स्वयंपाक करतात. मिरगापर्यंत पाण्याची भीती नसते. नदीचं पाणी वरून येतं. वर पाऊस पडला तर येतं. आभाळ कोरडं तर नदी कोरडी. हे अक्काला शिकवावं लागत नव्हतं, आणि तिचं खोटं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आपल्या बायका नव्या पाण्यावर गेल्या की ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू, आणि वाळूत चूल मांडून गोड नैवेद्य. अक्कानं ठरवलं, भावाला इथं गुण येतोय, तर समुद्राची ओटी भरायची. मालक म्हणाले, "अक्का, समुद्र पुरुष आहे."

"असू दे. सगळ्या नद्या त्याच्यातच आल्या ना? आपली गंगा बी आली असंल. तिची भरते." गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात.

"आपली गंगा या समुद्राला येत नाही. ती उगवतीच्या समुद्राला जाते."

"तू चौथीत नापास झालता," अक्का म्हणाली आणि विषय संपला.

दिवस तिनं पौर्णिमेचा धरला. आपल्याकडे हाच दिवस धरतात. पौर्णिमेला भरती सगळ्यात मोठी असते आणि ओहोटीही तेवढीच लांब जाते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्या पहाटे वाळू कधी नव्हे एवढी दूरपर्यंत उघडी होती. आम्हाला वाटलं, चांगला योग आहे. कोरड्या पात्रातून चालत गेलो. शेवंती बाजाराला गेली होती. बाबानं आम्हाला जाताना पाहिलं, पण तिथल्या बाया ओहोटीला शिंपल्या वेचायला जातात आणि पाणी फिरायच्या आत परततात. त्याला वाटलं, आम्हीही तसेच. चूल मांडायला चाललोय हे त्याच्या मनात कसं यावं?

आणि मग पाणी मागून आलं.

आता वाळू एका बाजेएवढी राहिली होती. भाताचं पातेलं कलंडलं आणि तरंगत गेलं. पाणी आमच्या गुडघ्याला लागलं. मी गावाकडे तोंड करून ओरडत होते, पण समुद्राच्या आवाजापुढे माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. अक्का ओरडत नव्हती. तिनं घागरीतलं पिण्याचं पाणी ओतून दिलं. नदीकाठच्या बाया घागर पालथी घालून तिच्यावर अंग टाकून नदी उतरतात, हे मी ऐकलं होतं. पण घागर घेऊनही ती पुढं होईना. ती समुद्राकडे बघत होती. पाणी माणसाला खालच्या अंगाला नेतं. नदीत खालच्या अंगाला दुसरं गाव असतं. इथं खालच्या अंगाला समुद्र होता.

मग तिनं नैवेद्याची पत्रावळ घेतली आणि पाण्यात सोडली.

पत्रावळ फिरली, थांबली आणि गेली. समुद्राकडे नाही. उलट बाजूला. गावाकडे, वर, डोंगराच्या दिशेला, एखादा माणूस चालतो तशी बेतानं.

"सरू," अक्का म्हणाली, "नदी उलटी वाहायलीय."

त्या वेळीसुद्धा मी ते बघत राहिले. मरणाच्या दारात उभी होते आणि तरी बघत राहिले. सगळा समुद्र त्या नदीत शिरत होता आणि नदी मुकाट्यानं आपल्या उगमाकडे निघाली होती.

अक्कानं घागर पालथी घातली, मालकांचे दोन्ही हात तिच्याभोवती टाकले आणि माझ्या पदरानं त्यांचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं. "पाय मारू नका. नुसतं धरून ऱ्हा. ते नेईल तिकडं जा."

"आणि तू?"

"घागर दोघाचंच वजन पेलती."

"अक्का, तू ये, मी थांबते."

"तुला पवता येतं का? न्हाई. मला येतं. व्हय पुढं, खामखा बोलू नको." मालक काहीतरी म्हणाले, पण त्यांच्या तोंडून नुसती हवा आली. अक्कानं त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आम्हाला ढकललं.

पायाखालची वाळू गेली. मी डोळे मिटले, मग उघडले. माड मागं सरकत होते. पाणी ढकलत नव्हतं, खेचत नव्हतं, नुसतं नेत होतं. मालकांचं तोंड तांब्याला टेकलं होतं आणि त्यांच्या छातीची शिट्टी घागरीत घुमत होती. ती ऐकू येत होती तोवर ते होते. एकदा लाट तोंडावरून गेली आणि शिट्टी थांबली. मी मनगटाला हिसका दिला. पुन्हा वाजायला लागली. जिनिंगच्या भोंग्यावर मी जन्मभर चिडले, पण त्या आवाजाइतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

बाबानं वाळूवर धूर पाहिला होता. चूल कोण पेटवतो म्हणून तो बघत राहिला, आणि धूर एकाएकी थांबला तसा त्यानं होडी पाण्यात लोटली. खाजणाच्या (खाडीकाठच्या दलदलीच्या) झाडांशी त्यानं आम्हाला गाठलं. आधी मालकांना काखेत धरून वर घेतलं, मग मला. घागर सुटून वर निघून गेली. मी मागं बोट दाखवलं. वाळू होती तिथं आता एकसारखं पाणी होतं. माणूस नव्हता. बाबानं होडी वळवली. आता पाणी सामोरं होतं. म्हातारा बांबू रेटत होता आणि होडी इंच इंच सरकत होती.

खाडीत जाळं बांधायला कोळ्यांनी खांब रोवलेले असतात. त्यातल्या एकाला अक्का हातापायांनी चिकटली होती. पाणी हनुवटीला लागलं होतं. आम्ही जवळ गेलो तशी तिनं डोळे उघडले.

"ग्यानबा?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"भात गेला ना वाया?" ती म्हणाली.

तिला होडीत ओढलं तेव्हा ओटीचा नारळ तिच्या कमरेला खोचलेलाच होता. खांबाच्या शिंपल्यांनी तिचे हात सोलून निघाले होते. बाबा इतका वेळ गप्प होता तो आता फुटला.

"भरतीच्या तोंडाला तिथं जेवान कोन रांधतो ओ?"

"आमी रांधतो," अक्का म्हणाली. "आमच्या नदीत."

"तुमच्या नदीला भरती नाय?"

"न्हाई. तिला पूर येतो. पर तो सांगून येतो."

शेवंती बाजारातून आली आणि कपाळाला हात लावून बसली. मला वाटलं, ही आता मांगर सोडायला सांगणार. आम्ही तिच्या वाडीत मेलो असतो तर बोल तिला लागला असता. तिनं मालकांना चुलीजवळ बसवलं, आल्याचा काढा दिला आणि अक्काच्या हातांना खोबरेल लावलं. मग म्हणाली, "ओटी म्हने! अवो, तो बाप्या हाय. त्याला खन काय करायचाय?" आणि तीच हसायला लागली. अक्का आधी रागावली, मग हसली. मालक हसले. मी खोकल्याची वाट बघितली. आला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कानं नारळ कुंपणाजवळून समुद्रात टाकला. संध्याकाळी तो वाळूवर परत आलेला होता. "घेत न्हाई बग," ती म्हणाली. मी तो फोडून चटणी केली.

महिना पुरा करून आम्ही निघालो. शेवंतीच्या उशा झाल्या होत्या. मालक एसटीच्या पायऱ्या मधे न थांबता चढले. परतताना घाटात अक्काला ओकारी आली नाही, ती सारखी मागं वळून बघत होती. पाथरीला उतरून घरी जाण्याआधी ती मला घेऊन गोदावरीवर गेली. पात्र कोरडं होतं, टरबुजं धरली होती. ती मला म्हणाली, "आता मला हिचाबी भरवसा वाटत न्हाई. दोन्हीकडं बगावं लागतं."

ज्यांना समुद्रकाठी स्वस्त जागा हवी, त्यांनी रंग दिलेली घरं सोडून वाडीच्या टोकाला बघावं. आपला आजार आधी सांगावा. आणि तिथल्या पाण्याला आपली नदी समजू नये. एवढंच मला कळलं. बाकी तो समुद्र रोज दोनदा नद्यांना मागं लोटतो आणि पुन्हा सोडतो, आम्ही ज्वारी खुरपत असतो तेव्हासुद्धा. हे एकदा पाहिल्यावर डोक्यातून जात नाही.

मालक पुढच्या हंगामाला पुन्हा जिनिंगमध्ये गेले, मी नको म्हणत असताना. पुन्हा खोकला लागला, पण पहिल्याएवढा नाही. ते अजून आहेत. अक्का काही वर्षांनी आपल्या घरात, खाटेवर, तापानं गेली. त्या पौर्णिमेला वाळूवर आम्ही तिघं होतो आणि तिघंही वाचलो.